समुद्रतळाचे झिंगे आणि आठवीचं पुस्तक

नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. रायपूर राजधानी झालं होतं, पण आमच्या पुरानी बस्तीच्या गल्लीत त्याचा पत्ता एवढाच लागायचा की घरभाडी वाढली होती आणि कुठलं ऑफिस कुठं गेलं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. काल जिथं दवाखाना होता तिथं आज साहेब लोक बसत होते. पाट्यांवरचं 'म.प्र.' पुसून 'छ.ग.' रंगवलेलं, आणि रंग पातळ असल्यामुळे खालचा 'म' अजून दिसायचा.

त्या दिवसांत मला एक सरकारी पत्र आलं. मी हिंदी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. नव्या राज्याला स्वतःची पुस्तकं हवी होती, आणि आठवीच्या विज्ञानातला एक धडा मी लिहावा असं त्या पत्रात होतं. धड्याचं नाव 'ऊर्जा और जीवन'. मी पत्र तीनदा वाचलं. शाळेच्या वार्षिकांकाखेरीज मी कुठंच काही लिहिलं नव्हतं. आमच्या घरात बोलणं मराठी, शाळेत शिकवणं हिंदी, आणि मी स्वतः शिकले ती कॉलेजची पुस्तकं इंग्रजी. धडा नेमका कोणत्या भाषेत विचार करून लिहायचा, माझा गोंधळ इथूनच सुरू झाला.

घरी बाबा आणि मी, दोघंच. बाबा रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. आई आदल्या वर्षी गेली होती. माझा धाकटा भाऊ तेव्हा समुद्रावर होता. त्यानं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला होता, आणि बाबांची इच्छा होती की त्यानं रेल्वेत अप्रेंटिस म्हणून लागावं. तो मात्र भांडून मुंबईला गेला, तिथल्या एका एजंटामार्फत जहाजावर लागला. परदेशी जहाज, समुद्राच्या संशोधनाचं. आईच्या वेळी त्याला येता आलं नाही. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते, पण गल्लीत कुणी विचारलं की सांगायचे, "पोट्टा जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे माझा." ते सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची, हे मी पाहत आले होते.

होळीच्या आठ दिवस आधी तो अचानक दारात उभा राहिला. खांद्यावर एक बॅग, चेहरा रापलेला, दाढी वाढलेली. बाबा पेपर वाचत होते.

"आला का?" ते म्हणाले, आणि परत पेपरात गेले.

त्यानं पाया पडायला हात पुढं केला तर बाबांनी पाय थोडे मागे घेतले. घेतले की सहज हलवले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर तो माझ्या टेबलापाशी येऊन माझे कागद चाळत होता. धड्याचा कच्चा खर्डा तयार होता. पहिलंच वाक्य मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पृथ्वी पर समस्त जीवन का आधार सूर्य है। सूर्य न हो तो जीवन संभव नहीं।'

"ताई, हे कोणी लिहिलं?"

"मीच. काहून?"

"गलत आहे हे."

मला हसू आलं. बारा वर्षं मी हेच शिकवत होते. झाड उन्हात अन्न तयार करतं, झाड शेळी खाते, शेळी वाघ खातो. हे गलत कसं असेल?

"समुद्राच्या बुडाशी ऊन जातच नाही," तो म्हणाला. "दोन-अडीच किलोमीटर खाली काळाकुट्ट अंधार. तिथं जमीन फाटलेली आहे. त्या भेगेतून पाणी आत जाते, तापते आणि वर येते. त्याचा गाळ साचून साचून चिमण्या उभ्या राहिल्या. आपल्या सिलतऱ्याच्या कारखान्यांसारखा काळा धूर निघून राहिला त्यातून. पण तो धूर नाही, पाणी आहे. तीनशे डिग्रीचं."

"तीनशे डिग्रीचं पाणी नसते रे. शंभरातच वाफ होते त्याची."

"वरच्या पाण्याचं वजन येवढं असते की उकळायलेच जागा नाही."

हे मात्र बरोबर होतं. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे मीच कुकरचं उदाहरण देऊन मुलींना सांगायचे.

तो सांगत गेला. त्या चिमण्यांच्या भोवती झिंग्यांचे थरच्या थर असतात, गुळाला लागलेल्या मुंग्यांसारखे. त्यांना आपल्यासारखे डोळे नसतात, पाठीवर एक फिकट पट्टा असतो आणि त्यानं त्यांना त्या तापलेल्या पाण्याचा अंधुक उजेड कळत असावा, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पाण्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा गॅस असतो. जिवाणू त्या गॅसवर जगतात आणि बाकी सगळे त्या जिवाणूंवर. तिथं ना ऊन, ना पान.

"आणि एक गोगलगाय आहे," तो म्हणाला, "तिच्या पायाले लोखंडाचे खवले आहेत."

पेपराच्या मागून आवाज आला. "लोखंडाचे?"

तो आल्यापासून बाबांचं त्याच्याशी हे दुसरंच बोलणं होतं. भाऊ वळून म्हणाला, "हव, बाबा. लोहचुंबक लावलं तर चिकटते." बाबांनी पान उलटलं. पण त्यांनी ते वाचलं नाही, कारण बराच वेळ दुसरं पान उलटलंच नाही.

मला झोपेपर्यंत तेच वाक्य टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पंडरीला एका सायबर कॅफेत गेले. तिथल्या मुलीनं मला इंग्रजीत शब्द टाइप करून दिले. एक फोटो उघडायला लागला. तो वरून खाली, पट्टी पट्टीनं उतरत होता. आधी काळं, मग आणखी काळं, मग एका सुळक्याचं टोक आणि त्यातून फुटलेला धुराचा लोट. खाली जिथं झिंगे असायला हवेत तिथवर फोटो पोचला आणि वीज गेली. पंधरा मिनिटं मी त्या अंधाऱ्या खोलीत बसले. वीज आली नाही. धूर मी पाहिला होता, जीव पाहिले नव्हते. घरी येताना मला कळेना की मी निम्मं खरं पाहून आले की काहीच नाही.

लेखकांची बैठक शिक्षकांच्या ट्रेनिंग होस्टेलच्या मेसमध्ये भरायची, कारण ऑफिसला अजून जागा मिळाली नव्हती. आम्ही स्टीलच्या लांब टेबलांवर बसायचो आणि कागदांना हळदीचे डाग पडायचे. आमच्या गटाच्या प्रमुख एक मॅडम होत्या, कडक आणि कामसू. माझ्या धड्याची पाळी आली तेव्हा मी चाचरत म्हटलं की पहिल्या वाक्यात बदल करावा लागेल असं वाटतं, आणि झिंग्यांचं सगळं सांगितलं.

"ये आपको किसने बताया?" मॅडमनी विचारलं.

"मेरे भाई ने. संशोधन वाले जहाज़ पर इलेक्ट्रिशियन है. अपनी आँखों से देखा है."

दोघं-तिघं एकमेकांकडे बघू लागले. एक सर म्हणाले, "बच्चे कन्फ्यूज़ हो जाएँगे." कोपऱ्यात रसायनशास्त्राचे एक रिटायर्ड प्रोफेसर बसायचे, खूप म्हातारे, बहुतेक वेळ डोळे मिटून. त्यांनी डोळे उघडले. "भाई रायपुर में है? तो बुला लाइए उसको. हमें कौन बताएगा और!"

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा भावाचा चेहरा उतरला.

"मी कायले येऊ तिथं? तू सांग ना."

"मी सांगितलं. त्यांले तुझ्या तोंडून ऐकायचं आहे."

"ताई, राहू दे ना."

मला वाटलं, मोठ्या लोकांपुढं बोलायला लाजतोय. बाबा आतल्या खोलीतून आले. हातात त्यांचा स्वतःचा पांढरा शर्ट, नुकती इस्त्री केलेला. तो त्यांनी खुर्चीवर टाकला आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "सरकारी बैठकीत टीशर्ट घालून जात नसतात. जे पाह्यलं ते नीट सांगजो." मग भावाला नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे बसून तो आला. शर्ट त्याला खांद्यात घट्ट होत होता.

बैठकीत प्रोफेसर त्या दिवशी पहिल्या रांगेत येऊन बसले होते. त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "बेटा, मुझे एक बात समझाओ. इतनी गहराई में कैमरे और लाइट को बिजली कैसे पहुँचाते हो? केबल का इन्सुलेशन दबाव में टिकता कैसे है? तुम तो वही काम देखते होगे."

त्यात खोच नव्हती. म्हाताऱ्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोल म्हणून.

"सर, मैं इलेक्ट्रिशियन नहीं हूँ," तो म्हणाला. "मैं मेसमन हूँ. खाना परोसता हूँ, बर्तन धोता हूँ."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी समोरच्या टेबलावरचा हळदीचा डाग बघत राहिले. त्या क्षणी मला हेच कळेना की मला राग कशाचा आला आहे. तो आमच्याशी खोटं बोलला याचा, की आज खरं बोलला याचा?

मॅडमनी वही मिटली. "तो फिर आगे बढ़ें?"

"रुकिए," प्रोफेसर म्हणाले. "जिस कमरे में स्क्रीन थी, वहाँ तुम कभी गए?"

"चाय लेकर जाता था, सर."

"देखा?"

"एक बार देखा. ट्रे हाथ में थी. सब वैज्ञानिक खड़े हो गए थे, कोई चाय ले ही नहीं रहा था. तो मैं भी खड़ा रहा."

"कितनी देर?"

"जब तक डाँट नहीं पड़ी."

आता लोक हसले ते वेगळं हसले. तो सांगू लागला, आणि यावेळी त्याचं सांगणं घरी सांगितल्यापेक्षा वेगळं होतं. स्क्रीनवर आधी नुसता चिखल होता, कितीतरी वेळ. पांढरे कण बर्फासारखे पडत होते. मग एक भिंत दिसली आणि ती हलत होती. त्याला वाटलं मशीन बिघडलं. मग कळलं की भिंत हलत नाही, तिच्यावर झिंगे आहेत. पुढं मशीननं थोडे झिंगे वर आणले. ते बादलीत मेलेले होते. त्यांना असा वास येत होता की स्वयंपाक्यानं ती बादली मेसच्या दारातून नेऊ दिली नाही. लोखंडी गोगलगाय त्यानं पाहिली नव्हती. ती त्यानं शास्त्रज्ञांच्या जेवणाच्या टेबलावर ऐकली होती, चुंबकासकट.

"सुनी हुई है, सर. वो देखी नहीं," त्यानं स्पष्ट सांगितलं.

प्रोफेसरांनी मान डोलावली. मग विचारलं, "अच्छा, ये झींगे साँस लेते हैं?"

"लेते होंगे, सर."

"तो ऑक्सीजन कहाँ से आती है, नीचे?"

प्रोफेसर स्वतःच म्हणाले की ऑक्सिजन वरून येतो, पाण्यात विरघळून. आणि वर तो वनस्पती तयार करतात, समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या. उन्हात.

मॅडमना हायसं वाटलं. "मतलब इनका पहला वाक्य ही सही था."

"नहीं," प्रोफेसर म्हणाले, "पूरा सही भी नहीं. कुछ जीवाणु ऐसे हैं जिन्हें ऑक्सीजन भी नहीं चाहिए. उनका सूरज से कोई लेना-देना नहीं."

"तो सर, लिखें क्या?"

"मुझे नहीं पता," प्रोफेसर म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

एवढ्या शिकलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' असं सरळ म्हणताना मी तोवर पाहिलं नव्हतं. चहा आला. भाऊ सवयीनं उठला आणि ट्रे हातात घेऊन सगळ्यांना कप द्यायला लागला. कुणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही. थांबवायला हवं होतं का, यावर माझं मन अजून ठरत नाही.

परतताना गोल बाजारात मी स्कूटर थांबवली. मला बाबांसाठी धोतरजोडी घ्यायची होती, पण दुकानात न जाता आम्ही भांड्यांच्या ओळीपाशी तसेच उभे राहिलो.

"काहून खोटं बोलला?" मी विचारलं.

"एजंटानं इलेक्ट्रिशियनच सांगतलं होतं. जहाजावर गेलो तर मेसचं काम. तोवर पहिलं पत्र टाकून झालं होतं, आईच्या नावानं. तिनं साऱ्या पाऱ्यात, गल्लीभर सांगितलं. मी म्हटलं, घरी गेलो की तिले समोर बसवून सांगीन. फोनवर नाही सांगायचं." तो थांबला. "मंग ती गेली. आता कोणाले सांगू, हेच समजेना."

मी त्याला रागावायचं ठरवलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. ते सगळे तिथंच राहिले.

"बाबाले सांगू नको," तो म्हणाला. मग चार पावलं गेल्यावर, "नाहीतर सांग. मले समजत नाही, ताई."

मी सांगायची वेळ आलीच नाही. बाबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. "काय झालं मंग? ऐकलं का त्यायनं?" त्यांनी थेट भावाकडे पाहून विचारलं, दीड वर्षात पहिल्यांदा.

भाऊ त्यांच्या पुढं जमिनीवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. मेस, ताटं, आईचं पत्र, चहाचा ट्रे. शेवटी बाबा म्हणाले, "शर्ट काढून ठेव. घामानं खराब होईल." आणि उठून आत गेले.

त्या दिवशी आम्ही तिघंही वेगवेगळे जेवलो. मी बाबांचं ताट नेलं तेव्हा ते पलंगावर बसून होते. त्यांनी विचारलं, "किती लोकं असतात त्या जहाजावर?"

"पन्नास-साठ, म्हणत होता."

"साऱ्यायचं हाच वाढते का?"

"हो, बाबा."

ते 'हं' म्हणाले.

सकाळी मी शाळेत निघाले होते. शेजारचे काका नळावर बाबांना विचारत होते, "बैठक कैसी रही, भैया?" बाबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं: "अच्छी रही. लड़का जहाज़ पर खाना परोसता है. इलेक्ट्रिशियन नहीं है. वो हमारी गलती थी." आणि बादली उचलून आत आले. दारात भाऊ उभा होता. त्याच्या बाजूनं गेले, त्याच्याकडे पाहिलं नाही.

ते वाक्य त्यांनी त्याची लाज चव्हाट्यावर मांडायला म्हटलं, की त्याच्या मनावरचं ओझं उतरवायला? मी पुढं कितीतरी वेळा विचारायचं ठरवलं आणि विचारलं नाही. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "मले वाटते राग होता." थोड्या वेळानं म्हणाला, "पण 'हमारी' म्हणाले. 'उसकी' नाही म्हणाले."

होळी झाल्यावर तो गेला. बाबा स्टेशनवर आले. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीतून त्याच्या हातात डब्याची पिशवी दिली आणि विचारलं, "तिथं तुले स्वतःले जेवायले टाइम भेटते का?" त्यानं काहीतरी उत्तर दिलं, पण गाडीच्या भोंग्यात ते आम्हा दोघांनाही ऐकू आलं नाही. बाबा मला विचारत राहिले, "काय म्हणाला? हव म्हणाला की नाही म्हणाला?" मी म्हटलं, "हव म्हणाला." मला माहीत नव्हतं.

पुस्तक पुढच्या वर्षी छापून आलं. माझा धडा होता. पहिलं वाक्य मी बैठकीनंतर पाच वेळा बदलून दिलं होतं. 'अधिकांश जीवन' लिहिलं, मग 'लगभग समस्त' लिहिलं, मग झिंग्यांवर एक छोटी चौकट जोडली. छापून आलं तेव्हा चौकट नव्हती, आणि माझं पहिलं वाक्यही नव्हतं. धडा सरळ दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होत होता. कुणी काढलं ते कळलं नाही. मॅडमची बदली झाली होती आणि ऑफिस तोवर तिसऱ्या इमारतीत गेलं होतं. प्रोफेसरांना एक प्रत द्यायला मी गेले तर त्यांनी तो धडा तिथंच उभ्यानं वाचला आणि म्हणाले, "अच्छा है. जो नहीं मालूम, वो नहीं लिखा." ती स्तुती होती की चेष्टा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

वर्गात मात्र मी झिंग्यांचं सांगायला लागले. ऑक्सिजनचंही सांगायचे, आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्या जिवाणूंचंही. मुली विचारायच्या, "दीदी, तो परीक्षा में क्या लिखें?" मी म्हणायचे, "सूर्य लिखो." असं म्हणताना दर वेळी मला जरा खोटं बोलल्यासारखं वाटायचं, आणि तसं न सांगावं तर त्यांचे मार्क जायचे.

एका वर्षी सहामाहीत 'जीवन का आधार क्या है?' असा एका मार्काचा प्रश्न होता. सगळ्यांनी सूर्य लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, 'सूर्य. पर नीचे शायद नहीं.' मी तिला एक मार्क दिला. मग 'शायद' पाहून अर्धा केला. पेपर बाजूला ठेवला, बाकीचे सगळे तपासले, आणि शेवटी परत तो काढून अर्ध्यावर काट मारून एक केला. त्या काटाकाटीखाली सही करताना मला वाटत होतं की उद्या तिनं विचारलं, असं काहून केलं, तर मी काय सांगणार आहे.